कारण समजू शकले नाही

मुद्रितशोधकाने किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ शक्यतो वाचायला घेऊ नये. मुखपृष्ठावरच हात शिवशिवतो. पाढा चुकलाय आणि तो तसाच ठेवायचाय.

मी तेव्हा एका दैनिकात रात्रपाळीला होतो. कादंबरी मौज प्रकाशनाने १९७४ साली काढलेली. माझ्यापर्यंत पोचली ती ग्रंथालयाच्या पुठ्ठाबांधणीत, कोपरे झिजून गेल्यावर. शहर आवृत्तीची पानं सुटली की शेवटची लोकल गाठायची आणि डब्यात पेंगणाऱ्या माणसांत बसून वाचायचं. धंद्याची खोड अशी, की वाक्य दिसलं की आधी त्याचा कर्ता शोधायचा. इथे कर्ता होता, पण पुढचं काही हाती लागेना. कुशंक पुरंदरे नावाचा तरुण बोलतोय, लेखक व्हायला निघालेला, कफल्लक, एवढं कळतं. तो बोलतो मात्र कुणा ‘तू’शी, आणि आपण चोरून ऐकल्यासारखे मधे सापडतो. प्रसंग अर्ध्यावरून सुरू होतो, ऐन भरात तुटतो. बाई आधी निघून जाते, ती आयुष्यात आली कशी ते मागाहून कळतं. विनोद तर नको तिथे उगवतो. अंगाला लागलेलं दुखणं सांगतानाही हा माणूस टवाळी करतो, आणि आपल्याला हसू आल्याची लाज वाटते.

प्रूफच्या पाठकोऱ्या कागदावर मी कोण, कुठे, कधी अशी जुळवाजुळव सुरू केली होती. ती थांबली एका बातमीमुळे. सिंगल कॉलम, जेमतेम सहा ओळी. उपनगरातल्या एका बाईने राहत्या घरी स्वतःला संपवलं होतं. नाव, वय, पत्ता, वेळ, सगळं जिथल्या तिथे. मग नेहमीचं शेपूट: आत्महत्येचे कारण समजू शकले नाही, अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली असून पुढील तपास पोलीस करीत आहेत. ‘नोंद’वरचा अनुस्वार राहिला होता, तो मी दिला. बातमी निर्दोष झाली. असल्या बातम्या मी वर्षानुवर्षं निर्दोष करत आलो होतो.

त्या रात्री गाडीत पुस्तक उघडलं तेव्हा लक्षात आलं, की हा लेखक नेमकं उलटं करतोय. बातमीत असतं ते सगळं त्याने गाळलंय किंवा लांबवलंय, आणि ‘समजू शकले नाही’ या तीन शब्दांत आम्ही जे कोंबतो तेवढंच मांडत बसलाय. तेही कारण म्हणून नव्हे. माणसं एकमेकांना कशी छळतात, उपकाराच्या पैशावर जगताना काय वाटतं, प्रेम आटल्यावरही एखाद्याच्या खोलीत बसून राहावं लागतं ते कसं, हे तो दाखवतो. तारीखवार लावलं असतं तर त्याचीही बातमीच झाली असती. मी कागद टाकून दिला. पुढची पानं भराभर गेली असं नाही. एखादं पान वाचून पुस्तक मिटून ठेवावं लागे.

भाषेबद्दल मात्र माझं मत आजही तेच आहे. नगरकर मराठीत शिकले ते प्राथमिक चार इयत्ता. पुढचं शिक्षण इंग्रजीत, मग जाहिरात संस्थांत नोकरी. पहिली कादंबरी त्यांनी मराठीत लिहिली, तिशी नुकतीच ओलांडली असताना, हे धाडसच. पण काही वाक्यांची चाल परकी आहे, आणि ती प्रत्येक ठिकाणी हेतुपुरस्सर आहे असं मानणारे समीक्षक मला भाबडे वाटतात. काही वाक्यं नुसती अवघडलेली आहेत. लाल पेन्सिल हातात असती तर मी थांबलो नसतो. इतरत्र मात्र याच ओबडधोबड वाक्यांतून अशी धार येते, की घोटीव मराठी लिहिणाऱ्याला ती साधली नसती. ‘वासूनाका’ (१९६५) या कादंबरीतली भाऊ पाध्यांची पोरं नाक्यावर टोळीने बोलतात, त्या कादंबरीवर आचार्य अत्र्यांनी आग पाखडली. कुशंकला नाका नाही, टोळी नाही, शिव्या द्यायलाही बरोबर कुणी नाही. मला तो एकटेपणा जास्त भयंकर वाटला. बायका मात्र त्याच्या नजरेबाहेर फारशा जगत नाहीत. त्यांची बाजू आपल्यालाच अंदाजाने वाचावी लागते, ही त्या पुस्तकाची उणीव.

आमच्या क्राइम रिपोर्टरला मी कादंबरी वाचायला दिली. या माणसाने आयुष्यभर पंचनामे वाचलेले. वाटलं, त्याला भिडेल. आठवड्याने पुस्तक टेबलावर आपटून म्हणाला, “अरे, ह्या हिरोला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर कादंबरी पन्नास पानांत संपली असती.” मी वाद घातला. तो म्हणाला, दुखणं खरं आहे, पण हा पठ्ठ्या ते मिरवतो. त्यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही, कारण काही पानांवर मलाही तसंच वाटलं होतं. मग त्याने ह्या लेखकाचं दुसरं काही आहे का, विचारलं. मी ‘रावण आणि एडी’ दिली. माझगावच्या चाळी आल्यावर स्वारी खूश. तेव्हापासून तो मला सांगतोय, की नगरकर चाळीत शिरले तेव्हा कुठे माणसांत आले, आणि मी त्याला सांगतोय, की माणसांत येण्याआधीचं पुस्तकच त्यांचं खरं धाडस. अजून आमचं जमलेलं नाही.