सहावी ओळ

दरवर्षी जुलैत, नव्या तुकडीच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला मी टायटॅनिक उघडते. जहाज नव्हे, फाइल. इंटरनेटवरून कुणालाही फुकट उतरवून घेता येणारा ८९१ ओळींचा तक्ता. एका ओळीत एक प्रवासी. नाव, वय, स्त्री की पुरुष, तिकिटाचा वर्ग, भाडं, केबिनचा नंबर, कुठल्या बंदरावर चढला, सोबत किती भावंडं, किती आईवडील किंवा मुलं. आणि एका रकान्यात फक्त शून्य किंवा एक. शून्य म्हणजे बुडाला, एक म्हणजे वाचला. जगभर डेटा सायन्स शिकणाऱ्यांची सुरुवात बहुधा याच तक्त्यावर होते. गाणं शिकणाऱ्याचा पहिला भूप, तसं हे.

इंदूरपासून समुद्र लांब. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलामुलींनी तो पाहिलेला नसतो; सिनेमा मात्र सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यामुळे पहिला तास रंगतो. ३१४ स्त्रियांपैकी २३३ वाचल्या, ५७७ पुरुषांपैकी फक्त १०९. पहिल्या वर्गातले शंभरात ६३ वाचले, दुसऱ्यातले ४७, तिसऱ्यातले २४. दोन-चार आज्ञा दिल्या की हे आकडे पडद्यावर येतात आणि संगणकाला प्रश्न कसा विचारायचा हे मुलांना कळतं.

मग मी रिकाम्या चौकटींकडे वळते. वयाच्या रकान्यात १७७ जागा कोऱ्या आहेत. सूत्रांना कोरी जागा चालत नाही. ओळच काढून टाकता येते, पण मग उरलेली माहितीही जाते. ‘ही १७७ माणसं आपण दुसऱ्यांदा बुडवायची का?’ हा माझा ठरलेला विनोद. त्यावर हसू उमटलं की मी उपाय सांगते: ज्यांची वयं माहीत आहेत त्यांचा मध्यक काढा आणि तो कोऱ्या जागी भरा. मध्यक येतो २८. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, रकाना भरतो. इतकी वर्षं मी हे असंच शिकवत आले.

दोन वर्षांपूर्वी शेवटच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. बारावीपर्यंत हिंदी माध्यमातून शिकलेली, एरवी न बोलणारी. तिच्या पडद्यावर तक्त्याचा वरचा भाग होता. पहिल्या ओळीत ओवेन ब्राउंड, वय २२. दुसरीत मिसेस कमिंग्ज, ३८. सहावीत जेम्स मोरान, तिसरा वर्ग, आयर्लंडमधल्या क्वीन्सटाउनला चढलेला, वाचला नाही. वय एंटर दाबण्याआधी कोरं, नंतर २८.

‘‘मैडम, ये सच में अट्ठाईस का था क्या?’’

‘‘नहीं, हमने मान लिया है,’’ मी म्हणाले.

‘‘फिर देखनेवाले को पता कैसे चलेगा कि हमने माना है?’’

मी ‘चांगला प्रश्न आहे’ असं म्हणून पुढे गेले. उत्तर नसलं की आम्ही शिक्षक असंच म्हणतो. खरं तर पुस्तकात उत्तर आहे: भरण्यापूर्वी शेजारी आणखी एक रकाना करायचा, आणि वय मुळात होतं की नव्हतं याची खूण ठेवायची. मला ते ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी मुलं गोंधळतील म्हणून मी ते गाळत असे.

घरी येऊन मी भरलेल्या रकान्याचा आलेख काढला. मूळ तक्त्यात २८ वर्षांची माणसं २५ आहेत. भरल्यानंतर २०२ झाली. आलेखाच्या मधोमध एक उंच सुळका उभा राहिला. मग कोऱ्या जागा वर्गवार मोजल्या. पहिल्या वर्गात ३०, दुसऱ्यात ११, तिसऱ्यात १३६. म्हणजे तिसऱ्या वर्गातल्या दर चौघांमागे एकाहून जास्त जणांचं वय नाही. शिवाय ज्यांची वयं माहीत आहेत त्यांत पहिल्या वर्गाचा मध्यक ३७ आणि तिसऱ्याचा २४. सगळ्यांना सरसकट २८ देताना मी श्रीमंतांना नऊ वर्षांनी तरुण करत होते आणि गरिबांना चार वर्षांनी म्हातारं. कोऱ्या जागा कुठेही विखुरलेल्या नव्हत्या. कुणाची नोंद नीट ठेवली गेली आणि कुणाची नाही, हे त्या स्वतःच सांगत होत्या, आणि मी दरवर्षी त्यांचं तोंड बंद करत होते.

पुढच्या आठवड्यात मी प्रात्यक्षिक बदललं. टायटॅनिकवर इंटरनेटवर एवढं काही आहे की कुठल्याच दुसऱ्या जहाजावर नसेल. जहाजावरच्या एकेका माणसाची चरित्रं गोळा करणारा ज्ञानकोश आहे. अमेरिकन सिनेटच्या आणि ब्रिटिश आयोगाच्या चौकशीतल्या साक्षी प्रश्नोत्तरांसकट आहेत. त्यात हवा तो शब्द शोधता येतो. मी मुलांना सांगितलं, तक्त्यातली एक ओळ किंवा एक रकाना निवडा आणि तो कुठून आला ते शोधून आणा.

एका मुलाने केबिनचा रकाना घेतला. ८९१ पैकी फक्त २०४ ओळींत केबिन लिहिलेली आहे, त्यातल्या १७६ पहिल्या वर्गाच्या. त्याला कळलं, की केबिनींच्या माहितीचा मोठा भाग एका अर्धवट यादीतून आला आहे, आणि ती यादी हर्बर्ट केव्ह या स्टुअर्डच्या मृतदेहाजवळ सापडली. त्याने लगेच तक्त्यात केव्ह शोधला. मिळाला नाही. तक्ता प्रवाशांचा आहे. खलाशी, भट्टीवाले, स्वयंपाकी, वाढपी त्यात नाहीतच. ब्रिटिश चौकशीच्या हिशोबाने कर्मचारी ८८५, त्यांतले ६७३ गेले. ज्याच्या खिशातून रकाना निघाला, त्याला ओळ नाही. मुलगा म्हणाला, ‘‘यांची तर वयाची जागासुद्धा कोरी नाही, मॅडम. जागाच नाही.’’

दुसऱ्या एका गटाने साक्षी चाळल्या. ब्रिटिश अहवालात तिसऱ्या वर्गातली मुलं ७९ आणि वाचलेली २७. दुसऱ्या वर्गातली २४ आणि चोवीसही वाचलेली. तरी तिसऱ्या वर्गाला मुद्दाम डावललं गेलं नाही, असा आयोगाचा निष्कर्ष. गटाने विचारलं, तिसऱ्या वर्गाचे प्रवासी काय म्हणाले? शोधून शोधून दमले. लंडनच्या त्या चौकशीत तिसऱ्या वर्गाचा एकही प्रवासी साक्षीला बोलावलेला नव्हता. अमेरिकेत सिनेटसमोर तिघे बोलले होते, तेवढेच.

आणि त्या मुलीने आठवी ओळ घेतली. का, तर नावापुढे ‘मास्टर’ लिहिलं होतं आणि वय होतं दोन. ‘‘दो साल का मास्टर?’’ तिला वाटलं, तक्त्यात चूक आहे. आपल्याकडे मास्टर म्हणजे शाळेतला नाही तर शिंपी. त्या काळी इंग्रजीत लहान मुलाच्या नावाआधी मास्टर लावत, एवढं मी सांगितलं. बाकीचं तिने शोधलं.

तो गोस्टा पोल्सन, स्वीडनचा. भावंडं तीन, पालक एक. आई आल्मा चार मुलांना घेऊन शिकागोला नवऱ्याकडे निघाली होती. पाचही जण गेले. बुडालेल्यांना शोधायला गेलेल्या मॅके-बेनेट या जहाजाला एका लहान मुलाचा देह सापडला. ओळख पटेना. त्या जहाजाच्या खलाशांनी स्वतःच्या पैशांनी दगड बसवून कॅनडातल्या हॅलिफॅक्स गावी त्याला पुरलं. दगडावर लिहिलं, अनोळखी मूल. पुष्कळ वर्षं लोकांना वाटे की तो गोस्टाच. त्याची आई जवळच पुरलेली आहे. २००२ साली जनुकीय चाचणी झाली आणि जाहीर झालं की तो फिनलंडचा, तेरा महिन्यांचा एइनो पानुला. पण त्या मुलाचे बूट शिल्लक होते. मृतांचे कपडे जाळून टाकायचा हुकूम असताना एका पोलिसाचं ते बूट जाळायचं मन झालं नाही, त्याने ते टेबलाच्या खणात ठेवून दिले होते. त्याच्या नातवाने ते हॅलिफॅक्सच्या संग्रहालयाला दिले. तेरा महिन्यांच्या पावलाला ते मोठे होत होते. पुन्हा चाचणी झाली, आणि २००७ साली नाव ठरलं: सिडनी लेस्ली गुडविन, वय एकोणीस महिने. आईवडील आणि सहा मुलं, आठच्या आठ गेलेलं इंग्लंडचं कुटुंब.

तिन्ही मुलं आमच्या तक्त्यात आहेत. तिघांपुढेही शून्य. सिडनी ३८७व्या ओळीत आहे, आणि तिथे त्याचं नाव चुकलेलं आहे: लेस्लीऐवजी लिओनार्ड.

हे सगळं तिने वर्गापुढे हिंदीत, हातातल्या वहीत बघत सांगितलं. मग वही मिटून म्हणाली, की तिच्या आजीचंही असंच आहे.

आजीचा जन्म खेड्यात, घरी. तारीख कुणाला ठाऊक नाही. कार्ड काढायच्या शिबिरात टेबलामागच्या मुलाने आजीच्या चेहऱ्याकडे बघून एक साल टाकलं आणि तारीख म्हणून एक जानेवारी. कोरी जागा चालत नव्हती. त्या सालाप्रमाणे आजी आज छप्पन्न वर्षांची आहे, आणि तिचा मोठा मुलगा, म्हणजे या मुलीचा काका, पंचेचाळीसचा. म्हणजे आजी अकराव्या वर्षी आई झाली. म्हातारपणाची पेन्शन साठीला मिळते. कचेरीत गेलं की म्हणतात, साल चुकलंय याचा पुरावा आणा. आणि पुरावा म्हणून बघतात तेच कार्ड.

वर्गात कुणी हसलं नाही. दुसरा एक मुलगा म्हणाला, माझ्या आजोबांचंही एक जानेवारी. आणखी एक म्हणाली, आमच्याकडे एक जुलै.

मला माझे आजोबा आठवले. ते खानदेशातून इंदूरला आले, नोकरी केली, घर बांधलं. जन्मतारीख १ जून. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीत एक जूनला जन्मलेली माणसं इतकी आहेत की त्या दिवशी शुभेच्छांचा पूर येतो आणि आपण त्यावर विनोद करतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, बाप मुलाला घेऊन यायचा, तारीख विचारली की म्हणायचा, मोठा पूर आला होता त्या साली. हेडमास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. घरी आम्ही दरवर्षी एक जूनला शिरा करत असू आणि आजोबा तो खाऊन म्हणत, ‘‘आज हेडमास्तरांचा वाढदिवस.’’ त्यांची तारीख निवृत्तीला त्यांच्या बाजूने गेली की विरुद्ध, हे मी कधी विचारलं नाही. त्यांना नोकरी होती, पेन्शन होती, त्यामुळे भरलेली तारीख आमच्या घरात विनोद होऊन राहिली. त्या मुलीच्या घरात ती विनोद होऊ शकत नाही. दोघांचीही जागा कुणीतरी भलेपणानेच भरली असेल. फक्त ‘ही आम्ही भरली आहे’ अशी खूण कुणी ठेवली नाही.

अजूनही पहिल्या प्रात्यक्षिकाला मी टायटॅनिकच उघडते. वय अजूनही भरायला शिकवते; नाहीतर मुलांचं पुढचं अडेल, नोकरीच्या मुलाखतीत हेच विचारतात. पण भरण्याआधी शेजारचा रकाना करून घेते. त्याचं नाव मुलांनीच ठेवलं: ‘माना हुआ’. ज्यांचं वय आपण धरलं त्यांच्यापुढे एक, बाकीच्यांपुढे शून्य. वहीत खाली एक वाक्य लिहायचं: किती जागा भरल्या, कशाने भरल्या, आणि त्या कोणाच्या होत्या. ‘दुसऱ्यांदा बुडवायचं का’ हा विनोद मी आता करत नाही.

ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात जिन्यात भेटली. आजीचं काय झालं, विचारलं. काकाचा शाळेचा दाखला जोडून तिसऱ्यांदा अर्ज केलाय, म्हणाली. त्यावर काकाच्या वयापुढे आईचं किमान वय किती असायला हवं याचा हिशोब तिने स्वतः एका कागदावर मांडून दिलाय. कचेरीतल्या माणसाने तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि फाइलला लावून घेतला.

‘‘काही म्हणाला?’’

‘‘बोला, देखते हैं,’’ ती म्हणाली, आणि दोन-दोन पायऱ्या उतरत तासाला गेली.