आजीचा बंब

चिंचवडगावात, पवनेच्या काठापासून जवळच, एका जुन्या घरी तांब्याचा बंब आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तो घडला. पत्रा मठारताना तांबटाने घातलेले ठोके त्याच्या अंगावर अजून दिसतात. घरात गॅस आला, विजेवर पाणी तापविण्याची सोय झाली. तरी थंडी पडली, की आजीला बंबाचीच आठवण होते. पूर्वी हा बंब न्हाणीघरात असे. आज तो परसदारी, उघड्यावर उभा आहे. त्याची जागा का बदलली, याची एक हकीकत आहे.

बंब म्हणजे घरातील लहानशी भट्टीच होय. मधोमध उभी नळी, नळीत जाळ, सभोवती पाणी, तळाशी जाळी आणि जाळीखाली राख पडावयास जागा. रचना साधी, परंतु ती सांभाळावी लागते. जाळीत राख साचली, की खालून येणारा वारा अडतो, विस्तव कोंडतो आणि धूर होतो. नळीला आतून काजळी धरली, की पाणी लवकर तापत नाही. कारण तांबे उष्णतेला वाट देते, काजळी तिला अडविते. पाण्यातील क्षारांचा थर बसला, तरी तेच होते. म्हणून आजी रोज राख काढी, काठीला काथ्या बांधून नळी साफ करी आणि चिंच-मीठ लावून बंब असा घासी, की त्यात तोंड पाहावे. “रिकाम्या बंबात जाळ घालू नये; सांधे उकलतात,” हे तिचे नेहमीचे सांगणे.

एका वर्षी नरकचतुर्दशीला बंब पेटविण्याचे काम नातवाने हौसेने मागून घेतले. आदल्या दिवशी राख काढावयाची, ती त्याने आळसाने तशीच ठेवली. पहाटे जाळ धरीना. त्याने फुंकून फुंकून कोळसे कसेबसे पेटविले आणि थंडी वाजते म्हणून न्हाणीघराचा झरोका लावून घेतला. धाकटी बहीण तेल-उटणे लावून आत गेली. थोड्याच वेळात तिचा क्षीण आवाज आला, “आजी, डोकं दुखतंय गं. गरगरतंय.”

आजी हातातले तबक टाकून धावली. तिने दार सताड उघडले आणि नातीला अंगणात मोकळ्या हवेत आणले. शेजाऱ्यांनी लगोलग रुग्णालयात नेले. तेथे तिला प्राणवायू दिला, आणि संध्याकाळी ती घरी परतली. कोंडलेल्या जागी हवा अपुरी पडली, की कोळसा पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर निदान डोळ्यांना सावध करतो. हा वायू गुपचूप घात करतो.

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्यानंतर शेतांच्या जागी कारखाने उभे राहत गेले आणि भोसरी, आकुर्डी, पुढे चाकण असा हा पट्टा वाढला. या पट्ट्यातील एका ओतशाळेत मुलांचे वडील भट्टीवर काम करीत. त्या रात्री नातू त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा राहिला. ते रागावले नाहीत. म्हणाले, “अरे, आमच्या भट्टीत बीड वितळतं. त्याला सुमारे १,२०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. भट्टीला आतून अस्तर असतं. ते वेळच्या वेळी तपासावं लागतं. एका जागी ते झिजलं आणि पाहणाऱ्यानं कंटाळा केला, तर तापलेला रस बाहेर फुटतो. कंटाळा एकाचा असतो. भोग मात्र सगळ्यांच्या वाट्याला येतो.”

आजी म्हणाली, “चूक त्याच्या एकट्याची नाही. इतकी वर्षं मी झरोक्यावर विसंबले. बंबाची जागा बंद खोलीत नव्हेच.” दुसऱ्याच दिवशी बंब परसात आला.

पुढच्या रविवारी पहाटे आजीला जाग आली, तो परसात खुडबुड ऐकू आली. नातवाने जाळी झटकून राख काढली होती, नळीतून काथ्या फिरविला होता. बहीण पायरीवर बसून विचारीत होती, “दादा, पाणी भरलंस का?” त्याने झाकण उचलून तिला काठोकाठ भरलेले पाणी दाखविले आणि मग काडी ओढली. धुराचा लोट उठला नाही. नळीतून स्वच्छ जाळ वर आला. आजी दारातूनच हसली. तिला काही सांगावे लागले नाही.