त्याचं काय चुकलं?

मोहर्लीला मी गेलो होतो वाघ बघायला. एप्रिल होता. दुसऱ्या दिवशी आमचा गाइड म्हणाला, "सर, दुपारी एका घरी भेटून येतो. येता का?" इरई धरणाच्या पाण्याकडच्या एका गावात, पंधरा दिवसांपूर्वी मोह वेचायला गेलेला माणूस वाघानं मारला होता.

मोहाची फुलं पहाटे गळतात. उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली वाकायचं. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही म्हणतात.

अंगणात फुलं वाळत होती. आंबूस-गोड वास. आम्ही नगरचे ख्रिस्ती, आजोबा पाळक. उपासनेत ‘मोह’ हा शब्द ऐकतच मी वाढलो: एदेन बागेतल्या फळापासून माणसाच्या रक्तात उतरलेला. इथं मोह म्हणजे घरातलं तेल-मीठ.

माझ्या गळ्यातल्या क्रूसाकडे बघत म्हातारीनं विचारलं, "का चुकलं होतं जी त्याचं?"

‘देवाची इच्छा’ हे शब्द ओठांवर आले होते, ते गिळले. शिलोहातला बुरूज आठवला. त्याखाली अठरा जण मेले; ते इतरांहून जास्त पापी होते का, असं येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. लगेच पुढे मात्र पश्चात्तापाचं बोलतो. शब्बाथ शाळेत शिकवताना मी तिथं नेहमी अडखळायचो. "काही चुकलं नाही, आजी," एवढंच म्हटलं.

ती चहा ठेवायला आत गेली. गाइड बौद्ध, त्याच्या आजोबांनी 16 ऑक्टोबर 1956 रोजी चांद्याला बाबासाहेबांकडून दीक्षा घेतलेली. हळूच म्हणाला, "बाण कोनं मारला इचारत बसलं तं मानूस मरते, सर. आधी बाण काढा लागते. तृष्णा दुःखाचं मूळ, हे बी बुद्धानंच सांगितलं. पन पोटासाठी गेला त्याले तृष्णा म्हनावं का?"

चहा देताना म्हातारीनं तारूचं नाव काढलं. तळ्याकाठी वाघाशी झुंजून मेलेला तो गोंडांचा तारू, ज्याच्यावरून ताडोबा. "तारू बी वाघानंच मेला. त्याचा देव झाला," ती म्हणाली. मग बराच वेळ फुलं खालीवर करत राहिली. "मले देव नाही पायजे. पोरगा पायजे."

निघताना सून टोपली काढत होती. उद्या पाच बाया मिळून जाणार होत्या. एकीनं वेचायचं नाही, नुसतं उभं राहून चौफेर बघायचं. ती कोण, यावर कुंपणापलीकडच्या बाईशी तिचं बोलणं चाललं होतं.