गच्चीवरचं ऊन

सोसायटीच्या सौर पॅनेलच्या प्रस्तावासाठी रविवारी खडू घेऊन गच्चीवर गेलो. नऊला, बाराला आणि तीनला पाण्याच्या टाकीची सावली जिथे संपली तिथे रेघ मारली. सौर पॅनेलं माळेसारखी जोडलेली असतात. एकावर सावली आली तरी अख्ख्या माळेची वीज घटू शकते. आमच्या भाईंदरच्या इंद्रलोक भागात इमारती अंगाला अंग लावून उभ्या आहेत. म्हणून आधी सावली मोजायची, पॅनेलचे दर मागाहून विचारायचे.

*

उन्हाला कामाला लावणं भाईंदरला नवं नाही. खाडीचं पाणी मिठागरात घ्यायचं, ऊन-वाऱ्यावर आटवायचं आणि मीठ ओढायचं, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. उत्तनला बोंबील बांबूच्या वलांडीवर वाळतात तेही त्याच उन्हात. आभाळ भरून आलं की दोन्ही कामं थांबतात. पावसाळ्यात पॅनेलंही मंदावतात, हे इथल्या जुन्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

*

उन्हासारखा पाऊसही कामाला लागतो. मुंबईची वीज म्हटलं की आपल्याला कोळसा आठवतो. पण १९१५ साली खोपोलीहून गिरण्यांना आलेली वीज सह्याद्रीच्या पावसाची होती. लोणावळ्याच्या परिसरात धरणांत साठवलेलं पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली सोडलं आणि त्यावर जनित्रं फिरवली. ही कल्पना धरून बसलेले जमशेटजी टाटा १९०४ मध्येच गेले होते. पुढे १९२२ मध्ये भिवपुरीचं आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. या महानगराची भरभराट पावसाच्या विजेवरही झाली, हे मुलांना शाळेतच कळायला हवं.

*

पवईच्या आयआयटीत २०१० पासून राष्ट्रीय सौर प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्र आहे. मुंबईच्या गच्च्यांवर सुमारे १,७२० मेगावॅट क्षमता बसू शकते, असा अंदाज २०१६ मध्ये आयआयटीच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात निघाला. याच केंद्राने देशभर फिरून जुनी पॅनेलंही तपासली. उष्ण भागांतल्या पॅनेलांची क्षमता लवकर उतरते, आणि मोठ्या प्रकल्पांपेक्षा गच्चीवरच्या छोट्या संचांची अवस्था वाईट असते, असं त्यांना दिसलं. बसवताना केलेली घाई पुढे वर्षानुवर्षं भोवते. आपल्याकडे तर खारी हवा. सांगाड्याचं गॅल्व्हनायझिंग स्वतः पाहून घ्यावं.

*

ऊन कडक म्हणून वीज जास्त, असं नसतं. पॅनेलला उजेड हवा, ताप नको. २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं.

*

१२ ऑक्टोबर २०२०. मुंबई आणि ठाण्याच्या मोठ्या भागाची वीज एकदम गेली. बॅटरी नसलेला, ग्रिडला जोडलेला सौर संचही अशा वेळी बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये, म्हणून ही सोय मुद्दाम केलेली असते. सभासदांना हे पैसे भरण्याआधी सांगायला हवं.

*

वहीतला हिशेब: २० किलोवॅटला साधारण २,००० चौरस फूट गच्ची. किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरले तर ८०. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या बिलाला चांगला हातभार. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान, म्हणजे ३,६०,०००.

*

वरच्या मजल्यावरच्या काकू सभेत म्हणाल्या, “भोकं पाडू नका, माझ्या घरात आधीच गळतं.” त्यांच्याकडे जाऊन आलो. पंख्याच्या हुकाभोवती ताटाएवढी ओल, रंगाचे पोपडे, खाली पातेलं. सिमेंटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभारला तर स्लॅबला भोक पाडावं लागत नाही. मात्र वादळी वाऱ्याचं गणित इंजिनिअरकडून करून घ्यावं लागतं. घरी येऊन प्रस्ताव पुन्हा लिहिला: पहिलं काम वॉटरप्रूफिंग, दुसरं पॅनेल. काकूंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि सही केली.