नाचणारी पावले

गोरेगाव म्हटले की पुष्कळांना मुंबईचे उपनगर आठवते. आम्ही बोलत आहोत ते हिंगोली जिल्ह्यातील, सेनगाव तालुक्यातील गोरेगाव. येथील मुली मोबाइलवर पाहून लावणी शिकतात आणि शहाबादी फरशीवर अनवाणी नाचतात. जुन्या अंगणातील सारवलेली माती पायाचा आघात थोडा तरी सोसून घेई. फरशी काहीच सोसत नाही. सारा आघात टाचेतून आणि चवड्यातून हाडांकडे परततो.

पवित्र गुरुवारच्या पादप्रक्षालन विधीत स्त्रियांनाही घेण्याची मुभा पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली दिली. तेव्हापासून मुलींचे पाय आमच्या हातात येऊ लागले. नाचणारीचा पाय चटकन ओळखू येतो. चवड्याखाली घट्टे, अंगठ्याचे नख काळवंडलेले, घोट्यावर चाळांच्या दोरीचे वण. एका वर्षी दहावीतल्या एका मुलीच्या पावलाला टॉवेल लागताच तिने पाय मागे घेतला. "काही नाही, फादर," ती पुटपुटली. मागाहून तिची आई म्हणाली, "चमक भरलीया, फादर. बिब्बा लावलाय."

बिब्ब्यावर आमच्याकडे फार विश्वास. भेग असो, काटा असो, लचक असो, बिब्बा हजर. त्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात आणि मूळ दुखणे होते तेथेच राहते. मुरगळलेल्या घोट्याला पहिले दोन दिवस चोळू नये, हेही कोणी ऐकत नाही. बर्फ, पट्टी, पाय उशीवर उंच ठेवणे आणि विश्रांती, एवढे पुरे असते. पाऊल टेकवताच येत नसेल, तर मात्र हाड तपासून घ्यावे. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलालाच टाच दुखते, ते बहुधा तळव्याच्या स्नायुपट्ट्याचे दुखणे असते. ते चिवट असले तरी ताण देण्याच्या व्यायामाने हळूहळू हटते.

या मुलीचे दुखणे निराळे होते. पावलाच्या मधल्या लांब हाडांवर, एकाच बोटाएवढ्या जागी दुखे. नाचले की वाढे, बसले की थांबे. आम्ही मायलेकींना हिंगोलीला घेऊन गेलो. एक्स-रे स्वच्छ आला. "बघा, मोडलं न्हाई," आई म्हणाली. जत्रेतली लावणी स्पर्धा तोंडावर होती. डॉक्टरांनी समजावले, की सततच्या आघाताने पडलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतच नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा काढलेल्या चित्रात हाड सांधत असल्याची खूण दिसली. सहा ते आठ आठवडे नाच बंद! मुलगी तेथे रडली नाही, एस.टी.त मात्र सारी वाट रडली.

आम्ही तिला सुधा चंद्रन यांची हकीकत सांगितली. १९८१ साली तामिळनाडूत बसचा अपघात झाला. घोट्याजवळची लहानशी जखम दुर्लक्षित राहून चिघळली आणि पाय कापावा लागला. जयपूर फूट लावून १९८४ साली त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. लोक या कथेतली जिद्द घेतात. आम्हांस तीतली ती लहानशी जखमही तितकीच महत्त्वाची वाटते.

तमाशाच्या फडात तर दसऱ्यापासून वैशाखापर्यंत रोज नवे गाव आणि रोज नवा फळ्यांचा मंच. एखादा गंजका खिळाही त्यात असायचाच. विठाबाई नारायणगावकरांचा १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींकडून गौरव झाला, तरी २००२ साली त्या हलाखीतच गेल्या. शिट्ट्या वाजवणाऱ्यांनी कधी नर्तकीच्या पायांची विचारपूस केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

जत्रेच्या रात्री ती मुलगी मंचाखाली बसून मैत्रिणींचे चाळ बांधून देत होती. आमच्याकडे तिने पाहिले नाही. दुसऱ्या आठवड्यात तिच्या आईने विचारले, "फादर, फरशीवर काही घालता यील का?" सतरंजी सरकते, तिच्यावर पाय घसरतो. जाड प्लायवूडच्या फळ्या आणि त्यांखाली रबराच्या पट्ट्या घातल्या, तर पावलाला थोडी उसळी मिळेल, असे आम्ही सांगितले. सुतार माप घेऊन गेला आहे. फळ्यांचे पैसे सर्व पालकांनी मिळून द्यायचे ठरले, आणि पहिले शंभर रुपये तिच्या आईने दिले.