काचेतील शिक्का

आमच्या पांढुर्ण्यातील आळीच्या विठ्ठलमंदिराचा सभामंडप नव्याने बांधावयास घेतला, तेव्हा पूर्वेच्या भिंतीत एक मोठी खिडकी ठेवावी असे ठरले. खिडकीस कोणाचा विरोध नव्हता. वाद पेटला तो तीत बसवावयाच्या काचेवरून. सौंसरकडील एका संत्रा-बागाईतदाराने काचेचा सारा खर्च अंगावर घेतला. त्याची अट एवढीच की, रंगीत काचेत विठ्ठल-रखुमाई असावीत आणि त्यांच्या पायांशी त्याच्या पेढीचा शिक्का असावा. शिक्का म्हणजे तराजू, आणि त्याच्या दोन पारड्यांत दोन संत्री. हाच शिक्का छापलेल्या त्याच्या पेट्या दूरदूरच्या बाजारांत जातात.

आम्ही पंचांपैकी एक. देवाच्या खिडकीत संत्र्यांची जाहिरात नको, असे आम्ही भर बैठकीत बोललो. आणि बोलताना आमचा आवाज जरुरीपेक्षा थोडा चढला, हेही कबूल केले पाहिजे.

वास्तविक आमच्या गावास निशाणीचे महत्त्व कोणी शिकविण्याची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि त्यासाठी पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार होते. फडक्याच्या एका तुकड्यापायी आजवर किती डोकी फुटली! तरी आम्हांस संत्र्याच्या शिक्क्याचे वावडे.

बागाईतदाराच्या पुतण्याने युरोपातील एका जुन्या चित्रकाचेचे छायाचित्र आणले होते. ते आम्ही प्रथम तुच्छतेने पाहिले आणि मग घरी नेऊन बराच वेळ पाहत बसलो. काच हातभर उंचीची. वर एक संत उभा. त्याच्या पायांशी ढालीच्या आकाराचे कुलचिन्ह. आणि कोपऱ्यात गुडघे टेकून, हात जोडून बसलेला एक लहानसा गृहस्थ. तो दाता. स्वित्झर्लंडमध्ये पंधराव्या शतकापासून पुढे दोनतीनशे वर्षे अशी रीतच होती. कोणी मठ, सभागृह किंवा नवे घर बांधले की स्नेह्यांनी, शेजारच्या नगरांनी खिडकीची काच भेट द्यावयाची आणि तीत आपले कुलचिन्ह घालावयाचे. लुकास झाइनर नावाच्या झुरिकच्या कारागिराने १५००-०१ च्या सुमारास बाडेन येथील सभागृहासाठी तेथील राज्यांच्या अशा काचा केल्या. मुरी येथील मठाच्या ओवऱ्यांत सोळाव्या शतकातील काचांची मोठी रांगच आहे. १८४१ साली तो मठ सरकारने बंद केला, काचा उचलून नेल्या. विसाव्या शतकात त्या पुन्हा आपल्या जागी आल्या.

या कामाची कृती मोठी मनोरंजक आहे. काचेवर रंग फासलेला नसतो. तो बहुतांशी काचेच्या पोटातच असतो. काच वितळवितानाच तीत धातूंची भस्मे मिसळतात, कोबाल्टने निळी होते, तांब्याने लाल किंवा हिरवी. नाकडोळे आणि वस्त्रांच्या चुण्या काळ्या लेपाने रेखून भट्टीत पक्क्या करतात. चौदाव्या शतकाच्या आरंभापासून चांदीचा क्षार लावून भाजण्याची युक्ती वापरात आली. तिने पांढऱ्या काचेस सोन्यासारखा पिवळा रंग चढतो. लाल रंग तर इतका गडद की जाड काच काळीच दिसावी. म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर देत. तो थर हवा तेथे खरवडला की तांबड्या ढालीवर पांढरा सिंह उमटतो. मग हे सारे तुकडे शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवून जोडतात. ही शिशाची रेघ चित्राच्या मध्येच येते. पण चांगला कारागीर तीच बाहीची कड किंवा ढालीची किनार करून टाकतो.

पुढे एका लग्नानिमित्त मुंबईस जाणे झाले. आमच्या गावावरून जाणारा नागपूर-इटारसी लोहमार्ग जी.आय.पी. कंपनीने बांधला. त्याच कंपनीने १८७८ ते १८८८ या काळात फ्रेडरिक स्टीव्हन्सकडून बोरीबंदरची इमारत उभारली, आज जिला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात. तिच्या घुमटाखालील रंगीत काचांत कंपनीने आपले चिन्ह घालून घेतले आहे. १९२५ साली सरकारने कंपनीचा कारभार आपल्याकडे घेतला, १९५१ साली मध्य रेल्वे झाली; कंपनीची आठवणही आज कोणास नाही. चिन्ह मात्र उन्हात अजून पेटते. त्या काचेखाली देव नाही, हे खरे. आणि आम्हांस तेथे राग आला नाही, हेही खरे.

गोमंतकातील वाचकांस कवळ्याच्या शांतादुर्गेच्या मंदिरातील रंगीत काचा ठाऊकच आहेत. त्यांचे तांबडे-पिवळे कवडसे भिंतींवर पडतात. १७३८ साली पुरे झालेल्या या मंदिरासाठी शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांनी खटपट केली. तीही सेवाच. त्याच गोमंतकाच्या कदंब राजांनी निराळी तऱ्हा केली. त्यांच्या नाण्यांवर त्यांचा सिंह आहे. आणि आपल्याला हे वैभव सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाने लाभले, असे तेथे कोरलेले आहे. राजाने आपल्या चिन्हाशी देवाचे नाव घेतले. आमचा बागाईतदार देवाच्या चित्राशी आपले चिन्ह मागत होता. यात अंतर किती, हे ठरविणे आम्हांस वाटले होते तितके सोपे राहिले नाही.

तरीही पुढच्या बैठकीस आम्ही एक हुकमी उदाहरण घेऊन गेलो. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर, सेवेच्या ठायी तत्पर असलेल्या हिरोजी इंदुलकराचे नाव कोरलेले आहे. ज्याने गडाचे बांधकाम केले, त्याने महाराजांकडे एवढीच जागा मागितली अशी आख्यायिका आहे. दर्शनास जाणाऱ्या प्रत्येकाचे पाऊल त्या पायरीवर पडावे, एवढाच त्याचा हेतू. दात्याची जागा तेथे, डोळ्यांसमोर नव्हे, असे आम्ही सांगितले. मंडळींनी माना डोलावल्या.

बागाईतदार शांतपणे म्हणाला, “गुरुजी, मंग तुमच्या वडिलांची पाटी गाभाऱ्याच्या दाराजवळ काऊन होती? तीबी डोळ्यांसमोरच होती न?”

पाटी होती. संगमरवरी, ‘स्मरणार्थ’ असे ठळक कोरलेली, चौकटीच्या उजव्या हातास. आम्हीच १९८७ साली लावली होती, आणि जागाही आम्हीच निवडली होती. रोज काकडआरतीस उभे राहिलो की विठ्ठलाआधी दृष्टी तिच्यावर जाई. बांधकामासाठी ती काढली तेव्हा गोणपाटात गुंडाळून आम्ही ती घरी आणली होती, नव्या मंडपात पुन्हा तेथेच बसवावी या हिशेबाने. आम्ही खाली बसलो. त्या दिवशी आमच्याकडून दुसरा शब्द निघाला नाही.

काच झाली. शिक्का आहे, पण अगदी खालच्या काठास, तळहाताएवढा. तो लहान करावा असे बागाईतदाराने कारागिरास आपण होऊनच सांगितले. सकाळी सहाच्या सुमारास ऊन आत येते तेव्हा दोन नारिंगी ठिपके फरशीवर उतरतात आणि लहान मुले त्यांवर उड्या मारतात. कोणी त्यांस हटकत नाही.

वडिलांची पाटी पायरीत बसवावी असे आम्ही गवंड्यास सांगून ठेवले. त्याने मापही घेतले. परंतु आमच्या थोरल्या भगिनीने ऐकताच डोळ्यांस पदर लावला. “बापाच्या नावावर लोकांनी चपला काढून पाय द्यायचे का रे?” असे ती म्हणाली. तिला हिरोजीची गोष्ट सांगितली. तिने ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाली, “तो आपल्या स्वतःच्या नावाचं बोलला. बापाचं नाव दिलं नाही त्यानं.”

पाटी ओसरीवर गोणपाटातच आहे. पायरीत तेवढी जागा गवंड्याने वाळू भरून मोकळी ठेवली आहे, आणि दर एकादशीस तो विचारतो.