गोड पाणी

वर्गात त्याला सगळे 'कप्तान' म्हणत. गाव दर्यापूरजवळचे, आणि दर्या पाहिलेला त्याच्या सात पिढ्यांत कोणी नव्हता, म्हणून ही थट्टा. पुढे ती खरी ठरली. नौदलात तीसेक वर्षे काढून, लेफ्टनंट कमांडर होऊन तो निवृत्त झाला, पुन्हा त्याच खेड्यात येऊन राहिला आणि यंदाच्या श्रावणात तेथेच गेला.

१९६२ साली अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात आम्ही एका बाकावर बसत असू. बनोसा स्टेशनावर 'शकुंतले'त बसायचे, मूर्तिजापूरला गाडी बदलायची आणि बडनेऱ्यावरून अमरावती गाठायची, असा त्याचा प्रवास. पहिल्याच दिवशी वसतिगृहाच्या माठातले पाणी तो दोन पेले प्याला आणि म्हणाला, "काय गोड पानी आहे बे तुमचं इथलं!"

मला हसू आले. पाण्याला कोणी गोड म्हणते काय? पण पूर्णाकाठचा खारपाणपट्टा ज्यांनी पाहिला आहे, ते हसणार नाहीत. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर मुलूख असा आहे, की जमीन काळी आणि कसदार, पण विहिरीला पाणी लागले तर ते खारट. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. त्याची आई पिण्याचे पाणी कोसभरावरून डोक्यावर आणी.

कॉलेजचे एक वर्ष संपवून तो नौदलात गेला. समुद्रावर निघालेला हा गडी आधी घाट चढला! नौदलाचे इंजिनांचे शिक्षण लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी'वर होते. मी शिकून दर्यापूरला मास्तर झालो, आणि त्याच्या आईला पत्रे वाचून दाखविण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. एका पत्रात त्याने लिहिले होते, की जहाजावर समुद्राच्या पाण्याची वाफ करतात, ती निवली की गोड पाणी होते. तेच बॉयलरला आणि तेच माणसांना. म्हातारीने एवढा मजकूर दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "मंग आपल्या इहिरीचं काऊन नाई करत थो?"

१९७१ साली तो 'खुकरी'वर होता. नोव्हेंबरच्या पत्रात बदलीचा हुकूम निघाल्याची एक ओळ होती. कोठे, ते नव्हते. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने 'खुकरी' बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. बातमी गावात आली तशी म्हातारी शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"खरं सांग बाबू, थ्याचंच जहाज व्हय ना?"

"नाही काकू. त्याची बदली झाली. नव्या जहाजावरून पत्रही आलंय. उद्या आणतो."

पत्र आलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी मी तिच्या ओट्यावर बसून कोऱ्या कागदावरून ते वाचून दाखविले. जेवतो, खुशाल आहे, काळजी करू नये. तिने पदराने डोळे पुसले. त्यानंतर कित्येक रात्री मला झोप आली नाही. मग एके दिवशी खरे पत्र आले. तो 'विक्रांत'वर होता, पूर्वेकडे, बंगालच्या उपसागरात. मी शाळाभर पेढे वाटले.

तो परत आला तेव्हा म्हातारी राहिली नव्हती. विहिरीचे पाणी काही त्याला गोड करता आले नाही. त्याने पावसाचे धरले. घराच्या पत्र्यांना पन्हळी लावल्या, अंगणात पक्के टाके बांधले. एका दिवाळीला त्याच टाक्याच्या कठड्यावर बसून मी त्याला कोऱ्या कागदाची आणि पेढ्यांची हकिगत सांगितली. वाटले, हसेल आणि पाठीत धपका घालील.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्या पाळीवर जो पोरगा आला ना गड्या, थो माझ्याहून लहान होता. त्याच्याही आईले कोणी ना कोणी पत्र वाचून दाखवत असंन."

एवढे बोलून त्याने टाक्यातून पेला भरून माझ्यापुढे धरला. "पे. गोड आहे."

परवा दसऱ्याला सोने द्यायला मी अकोल्याहून त्याच्या घरी गेलो. टाके काठोकाठ भरलेले होते. वहिनींनी काही न बोलता पेला पुढे केला. मी तो एका घोटात संपविला. येताना पेढ्यांचा पुडा घेतला होता. तो मात्र पिशवीतून काढण्याचा धीर मला शेवटपर्यंत झाला नाही.